पाखरांची राखण आणि राखणदाराचा वाटा

निफाड तालुक्यात द्राक्षबागेवर चमकी पट्ट्या फडफडतात त्या पाखरं पळावीत म्हणून. आइसलँडच्या किनाऱ्यावर शेतकरी माळावर काठ्या रोवतो, त्यांना रंगीत झेंडे बांधतो, भिरभिरी लावतो, कोणी तर रेडिओ चालू ठेवतो, ते पाखरं यावीत म्हणून. आयडर नावाचं समुद्री बदक आपल्याच रानात घरटं करायला यावं, यासाठी तिथला माणूस विणीच्या दिवसांत बंदूक घेऊन रात्र जागवतो. (रात्र आपली म्हणायची, जूनमध्ये तिथे अंधार पडतच नाही.) कोल्हा आणि मिंक (मुंगसासारखा एक शिकारी प्राणी) यांच्यापासून बदकांची राखण करायची असते. आपल्याकडे 'राखण' म्हटलं की माळा आणि गोफण आठवते. राखण पिकाची, आणि ती पाखरापासून. 'पाखराची राखण' असं कोणी म्हटलं तर शिवारात लोक हसतील.

ते हसतील त्यात त्यांची चूक नाही, असं माझं म्हणणं आहे. पाखरं राखायची तर राखणाऱ्याला त्यात वाटा हवा, आणि तो वाटा आपण नाशिककरांनी आजवर दिलेला नाही. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या काठावरच्या गावांना आपण भाषणं दिली, फलक दिले, फार तर हिवाळ्यात चारचाकी गाड्यांची धूळ दिली.

आधी त्या बदकाबद्दल, कारण ते समजल्याशिवाय माझा मुद्दा पुढे सरकणार नाही. आयडर हे युरोपातलं सगळ्यात मोठं बदक. वजन दोन किलोच्या आसपास. समुद्रात बुडी मारून शिंपले कवचासकट गिळतं आणि पोटातल्या पेषणीत त्यांचा चुरा करतं. नर काळा-पांढरा, उठून दिसणारा. मादी तपकिरी, दगडगोट्यांत बसली तर पाय पडेपर्यंत दिसायची नाही. शास्त्रीय नाव सोमाटेरिया मोलिसिमा, म्हणजे साधारण 'अंगावर लोकर असलेलं, अतिशय मऊ'. हा मऊपणा मादीच्या छातीवरच्या लवेचा. अंडी घालायच्या सुमारास ती स्वतःच्या छातीची लव उपटते आणि घरट्याला अस्तर लावते. चार ते सहा अंडी, पंचविसेक दिवसांची उबवण. तेवढ्या दिवसांत ती जवळजवळ काही खात नाही, घरट्यावरून क्वचितच उठते, तिसरा हिस्सा वजन सहज उतरतं. नर उबवण सुरू झाली की समुद्रावर निघून जातो. पिल्लं अंग सुकलं की दिवसभरात पाण्यात उतरतात, आणि मग अनेक माद्या मिळून सगळ्यांच्या पिल्लांचा एकच घोळका सांभाळतात. आया कोण आणि मावश्या कोण, हे बघणाऱ्याला कळत नाही.

पिल्लं गेली की घरट्यात लव उरते, ती माणूस गोळा करतो. काही जण उबवण चालू असतानाही थोडी लव काढून तिच्या जागी सुकं गवत ठेवतात. बदकाला पकडत नाहीत, पिंजऱ्यात घालत नाहीत, अंगावरचं पीस उपटत नाहीत. या लवेचे तंतू एकमेकांत असे गुंततात की मूठभर लव हवेत धरली तरी सुटी होत नाही. त्याच गुंत्यात हवा अडकते आणि ऊब टिकते. मात्र त्याच गुंत्यात गवत, शेवाळ, अंड्यांची टरफलंही अडकतात. म्हणून लव तापवायची, मग तारा ताणलेल्या वीणेसारख्या चौकटीवर घासून कचरा पाडायचा, आणि उरलेलं हातानं निवडायचं. साठेक घरट्यांची लव एकत्र केली तेव्हा कुठे एक किलो स्वच्छ माल हाती येतो, आणि एका चांगल्या दुलईला साधारण तेवढाच लागतो. आइसलँडमध्ये वर्षाला तीन टनांच्या आसपास लव निघते आणि जगातली बहुतेक लव तिथलीच. दुलईची किंमत आपल्या रुपयांत लाखांत जाते. निफाडला थंडीची लाट आली, पारा पाच अंशांच्या खाली उतरला, की द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढणाऱ्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल. त्याच्या अंगावर आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी असते, आणि खरं सांगायचं तर तीही काही कमी उबदार नसते.

आइसलँडमध्ये आयडर मारायला १८४७ पासून कायद्यानं पूर्ण बंदी आहे. कायदा कडक, पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या जोडीचं दुसरं चाक. ज्याच्या जमिनीवर घरटी, लव त्याची. मादी दर वर्षी बहुधा त्याच बेटावर, त्याच कोपऱ्यात परतते. त्यामुळे आज ज्यानं कोल्हा हाकलला, त्याला पुढच्या उन्हाळ्यात त्याचं फळ मिळतं. कष्ट एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, असं होत नाही. विकण्याआधी माल सरकारमान्य तपासनीसाच्या हाताखालून जातो, म्हणून भेसळ करून भाव पाडणाराही कमी. पक्ष्यावर प्रेम तिथे असेलच. पिढ्यानपिढ्या शेजारी राहिलेल्यावर ते जडतंच. पण प्रेमावर दीडशे-पावणेदोनशे वर्षं रात्रीची गस्त चालत नाही.

नुसता बाजार असता तर काय झालं असतं, हेही याच बदकानं दाखवलं आहे. अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर अंडी, मांस आणि पिसं यांसाठी त्याची इतकी लूट झाली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ते जवळजवळ संपलं होतं. तेच बदक, तीच लव. फरक एवढाच की बेटं कोणाची नव्हती, म्हणून बदकंही कोणाची नव्हती. आपण नाही घेतलं तर दुसरा घेणार, एवढाच हिशेब. नंतर शिकारीवर बंधनं आली आणि ती सावरली. उलटं उदाहरण नॉर्वेतल्या वेगा बेटांचं. तिथले लोक आयडरसाठी दगडांची, लाकडांची छोटी घरं बांधायचे. ही परंपरा प्रामुख्यानं बायकांनी जपली आणि २००४ मध्ये त्या बेटांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण माणसं बेटं सोडून गावांकडे गेली तशी बदकंही घटली. घरं डागडुजीविना पडली, हाकलणारं कोणी नसल्यानं शिकारी प्राण्यांना रान मोकळं झालं. माणूस उठला की निसर्ग आपोआप बहरतो, असं शहरात बसून मानणाऱ्यांनी वेगा नकाशात शोधावं.

आता नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कालव्यांना पाणी वळवण्यासाठी बंधारा बांधला. नदीनं त्यात गाळ भरला. पाण्याची साठवण घटली, पण उथळ पाणी, गाळाची बेटं, पाणकणसाची दाटी तयार झाली आणि पाखरांना हवं तसं घर मिळालं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा, तोच पाखरांच्या हिशेबात नफा. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून त्याचं नाव लागलं. जानेवारी २०२० मध्ये ती बातमी आली तेव्हा नाशिकमध्ये अभिमानाचे संदेश फिरले, मीही दोन-चार पाठवले. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, गढवाल, आणि काळ्याभोर अंगावर पांढरा टिळा लावलेले शेकडो वारकरी पक्षी. या पक्ष्याला वारकरी म्हणणाऱ्या अनाम माणसाला माझा दंडवत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चार-पाच जण लांब भिंगाचे कॅमेरे घेऊन काठानं चाललो होतो. पट्टकादंब हंसांचा थवा हरभऱ्याच्या कोवळ्या रानात उतरलेला, आम्ही बांधावर बसून धडाधड फोटो काढत होतो. मालक आले, नाना. वय सत्तरीचं, डोक्याला टोपी. आम्हाला वाटलं, बांधावरून उठवणार. ते शांतपणे म्हणाले, "बसा भाऊ, बसा. फोटो तुमच्याकडं जाईल, हरभरा त्यांच्या पोटात जाईल. आमच्याकडं काय येईल तेवढं सांगा." आमच्यातल्या एकानं जैवविविधता, परागीभवन, अन्नसाखळी असं बरंच काही सांगितलं. नाना ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे काही नाही." मी तेव्हा गप्प बसलो. आज कबूल करतो, आमच्या मित्राच्या व्याख्यानापेक्षा त्यांचा सारांश बिनचूक होता.

यावर पहिला आक्षेप येईल तो सरळ आहे. आपली बदकं लव देत नाहीत. थापट्या आणि तलवार बदक इथे हिवाळा काढतात, घरटी करतात ती दूर उत्तरेला. जाताना मागे काही ठेवत नाहीत. आणि ठेवलं असतं तरी आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पीस आणि घरटंसुद्धा 'ट्रॉफी'च्या व्याख्येत मोडतं, त्याचा धंदा करता येत नाही. आपोआप झडलेल्या मोरपिसांना देशांतर्गत सूट आहे, तेवढा अपवाद. ही बंदी मला मान्य आहे. आपल्याकडची लोकसंख्या आणि आपल्याकडची हाव पाहता, पिसाला भाव मिळाला तर मेनच्या वाटेनं जायला आपल्याला फार दिवस लागणार नाहीत. आइसलँडचं बदक निफाडला आणता येत नाही, तसा आइसलँडचा बाजारही. आणता येतो तो एकच विचार: ज्याच्या बांधाला पाखरू उतरतं, त्याच्या घरात पाखरामुळे काहीतरी यावं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो मी स्वतःच माझ्यावर घेतो. वाट्यानं जपलं जातं ते फक्त वाटा देणारंच. आइसलँडच्या ज्या शेतकऱ्यांनी आयडरला जीव लावला, त्यांच्यातल्याच अनेकांनी पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाचा जीव घेतला, कारण गरुड वसाहतीत घुसतो आणि घरटी उठवतो. कोल्ह्यांसाठी ठेवलेल्या विषारी आमिषानंही गरुड मेले. गरुडाला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कायद्यानं संरक्षण मिळालं, तोवर तो संपायच्या बेतात आला होता, आणि त्याची संख्या वाढायला पुढे कित्येक दशकं गेली. मिंकची गोष्ट तर आणखी बोलकी. हा प्राणी आइसलँडचा नव्हेच. १९३१ मध्ये मऊ कातड्याच्या व्यापारासाठी त्याला पाळायला आणलं, तो पिंजऱ्यातून निसटला आणि आयडरच्या घरट्यांचा वैरी झाला. एका मऊ वस्तूच्या धंद्यानं दुसऱ्या मऊ वस्तूचा धंदा पोखरला.

म्हणून नांदूरला वाटा द्यायचा तो कशाचा, हे नीट ठरवलं पाहिजे. रोहित पक्षी आले तर इतके पैसे, हंस उतरले तर तितके, असं केलं तर उद्या काठावर रोहितांचे लाड होतील आणि पाणमांजराला काठी बसेल. पाखराच्या नावानं मोबदला नकोच. तो जागेसाठी हवा: काठालगतची ठरावीक रुंदीची पट्टी ओली आणि शांत ठेवण्यासाठी, तिथे फवारणी न करण्यासाठी, पाणकणीस न जाळण्यासाठी, हिवाळ्यातले चार महिने फटाके न वाजवण्यासाठी. एकरी, हंगामी, लेखी करारानं. पट्टी राखली की पैसे, मग त्या वर्षी पाखरं कमी आली तरीही, कारण पाखरं कमी येणं हे निफाडच्या शेतकऱ्याच्या हातात नसतं. ते उत्तरेकडच्या पावसापाण्यावर आणि वाटेतल्या दहा पाणथळींवरही असतं. पिकाच्या नुकसानीची भरपाई वेगळी, आणि ती मागायला माणसानं खेटे घालायचे, असं नको. आपलं नुकसानभरपाईचं सगळं तंत्र रानडुकराला आणि हरणाला डोळ्यासमोर ठेवून घडलेलं आहे. डुकरानं ऊस लोळवला तर पंचनाम्यात दिसतो. पाचशे चोचींनी खुडलेला हरभऱ्याचा शेंडा दिसत नाही.

आता पैसे कोणी द्यायचे? इथे मी सरळ माझ्या शहराकडे बोट दाखवतो. नाशिक शहर गंगापूर धरणाचं स्वच्छ पाणी पितं आणि वापरून झालेलं पाणी खाली गोदावरीत सोडतं. त्यातलं किती नीट शुद्ध होऊन जातं, हे रामकुंडाच्या खालच्या अंगाला उभं राहून नाकालाच विचारावं. तेच पाणी वाहत नांदूरला पोचतं. त्यातल्या खतपाण्यावर जलपर्णी माजते, आणि जलपर्णीखाली ना बदकाला बुडी मारता येते ना भोयाला जाळं टाकता येतं. म्हणजे आम्ही वर घाण करतो, खाली गावं ती सोसतात, आणि रविवारी आम्हीच दुर्बीण घेऊन त्यांना निसर्गप्रेम शिकवायला जातो. नाशिकच्या पाणीपट्टीत 'पाणथळ राखण' म्हणून छोटीशी ओळ असावी, अशी माझी मागणी आहे. दर घरामागे महिन्याला एका चहाची किंमत. बोंब होईल, होऊ द्या. पाण्याच्या बिलावर आलेली ओळ माणूस वाचतो. पर्यावरणदिनाचा फलक कोणी वाचत नाही.

पर्यटनातून पैसा येईल की, असं म्हणणारे आहेत. येतोही. गावातली पोरं गाईड झाली आहेत, त्यांना पक्ष्यांची नावं मराठीत आणि इंग्रजीत तोंडपाठ आहेत, आणि दुर्बिणीपेक्षा त्यांचे डोळे तीक्ष्ण आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांच्या पिल्लांमुळे घराघरात पाहुणे उतरू लागले, ते मला मनापासून आवडतं. पण पर्यटनाचा पैसा रस्त्यालगत थांबतो. ज्याचं घर फाटकाजवळ, ज्याच्याकडे गाडी, ज्याला चार शब्द बोलता येतात, त्याला मिळतो. ताडोबाच्या वेशीवरही जिप्सीवाल्याचं भलं होतं. वाघ ज्याच्या शेतातून जातो त्याचं होतंच असं नाही. शिवाय पाखराला गर्दी नको असते. गर्दी वाढली की उत्पन्न वाढतं आणि गर्दी वाढली की पाखरं उठतात. ज्या धंद्याची भरभराटच त्याच्या भांडवलाला खाते, त्यावर सगळी मदार ठेवू नये.

राखणीचा मोबदला ही आपल्या मातीला परकी गोष्ट नाही. गावचा जागल्या रात्री गस्त घालायचा आणि सुगीला खळ्यावरून आपलं बलुतं न्यायचा. पण त्या आठवणीनं हळवं व्हायचं कारण नाही. ती राखण जातीनं गळ्यात बांधलेली होती. म्हणायला हक्क, प्रत्यक्षात खळ्याबाहेर ताटकळत उभं राहणं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं गेली हे चांगलंच झालं. मला त्यातून एवढंच उचलायचं आहे की राखणदाराचं देणं सुगीतून, सगळ्यांच्या आधी बाजूला निघायचं. सगळ्यांचं भागून उरलंच तर, अशी ती बाब नव्हती. पाणथळीचा पैसा मात्र आज नेमका उरला तर मिळणारा आहे.

रामसर हे नाव आपण बिरुदासारखं मिरवतो. इराणमधल्या त्या गावी १९७१ मध्ये झालेल्या कराराच्या गाभ्याशी 'शहाणा वापर' ही कल्पना आहे. वापर, बंदी नव्हे. काठावरच्या माणसानं पाणथळीवर जगावं आणि पाणथळही जगावी, असं त्यात गृहीत आहे. आपण त्यातलं बिरुद घेतलं आणि वापराचा भाग हद्दीच्या खांबाबाहेर ठेवला.

माझ्या योजनेतही एक भोक आहे. एकरी करार म्हटला की तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याशी होतो. आइसलँडमध्येही लवेचा मालक जमीनवालाच. हातानं कचरा निवडणाऱ्याला मिळायची ती मजुरी. नांदूरच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या मासे धरणाऱ्यांच्या नावावर काठाची वीतभर जमीन नाही, आणि अभयारण्यामुळे पहिली बंधनं त्यांच्याच जाळ्यावर आली. मेंढ्या घेऊन दर हिवाळ्याला येणारा धनगर तर कुठल्याच ग्रामपंचायतीच्या यादीत बसत नाही. पाणथळ ओळखतात ती हीच माणसं. पाणी कुठे किती वीत आहे, अडई बदकांची घरटी कुठे आहेत, रात्री कोण फासे लावून जातं, हे त्यांना ठाऊक असतं. मोबदल्याची यादी करायला उद्या ग्रामसभा बसली, तर हरभऱ्याच्या मालकाचं नाव लगेच लिहिलं जाईल. ज्याच्याकडे फक्त होडी आहे त्याचं नाव कोणत्या रकान्यात लिहायचं, हे त्या नानांना एकदा विचारायला हवं.